अडलेल्या गायीला हात घालताना

गाय अडल्याचा फोन आला की गाडीची किल्ली शोधता शोधता मी तीन गोष्टी विचारून घेते. कळा कधीपासून आहेत, पाणमोट कधी फुटली आणि आतापर्यंत कुणी हात घातलाय किंवा ओढलंय का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच येतात, अंदाजपंचे का होईना. तिसऱ्याला पलीकडचा माणूस जरा अडखळतो आणि मग म्हणतो, "तसं नाही मॅडम, जरासं लावून पाहिलं." जरासं म्हणजे किती, ते गोठ्यात गेल्यावर कळतं.

मी जनावरांची डॉक्टर, माझं काम जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. खाली तापी, वर सातपुडा, मधून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. रस्त्याच्या खालच्या अंगाला केळीचे मळे आणि तिथल्या गोठ्यांत एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) आणि जर्सी या विलायती जातींच्या संकरित गाया. वरच्या अंगाला, डोंगराकडे, गावठी आणि निमाडी वळणाच्या. संकरित पहिलारू अडते ती बहुधा वासरू मोठं आणि गाय लहान म्हणून. गावठी गाय सहसा अडत नाही, रात्रीत विते आणि सकाळी मालकाला वासरू दिसतं. पण पाय दुमडून येणं हे दोन्हीकडे सारखंच. जातीचा त्यात काही संबंध नाही.

बहुतेक वासरं विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखी येतात. पुढचे दोन्ही पाय लांब, त्यांवर डोकं टेकलेलं, पाठ गायीच्या पाठीकडे. पोटात मात्र वासरू असं नसतं. तिथे ते पाय पोटाशी घेऊन असतं. वीण जवळ आली, गर्भाची पिशवी आवळायला लागली की वासरू स्वतः हलतं, मान वळवतं, पाय पुढे टाकतं. म्हणजे या कामात त्याचाही हात असतो. वासरू अशक्त असलं, मेलेलं असलं, जुळं असलं किंवा गायीच्या अंगात कॅल्शियम कमी पडून कळाच ढिल्या असल्या, की एखादा पाय मागे राहून जातो. मग सगळा कारभार हाडाच्या चौकटीपाशी येऊन अडतो. वासराची वाट कमरेच्या हाडांच्या चौकटीतून जाते आणि ती चौकट ओढून रुंद होत नाही, चार माणसांनी ओढा नाहीतर चाळीस.

अडावदच्या पुढे, एका केळीच्या मळ्यातली गोष्ट सांगते. मे महिना होता, ऊन उतरायला लागलं होतं तरी जमीन तापलेलीच. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. एचएफ संकराची कालवड, पहिलंच वेत. निंबाखाली बांधलेली, उभी, मान खाली, तोंडाला फेस. निरणातून, म्हणजे योनीच्या तोंडातून, एक पाय गुडघ्यापर्यंत बाहेर, त्याच्या शेजारी नाक आणि दातांच्या कडेने बाहेर आलेली निळसर, सुजलेली जीभ. पायाला कासरा बांधलेला आणि कासऱ्याचं दुसरं टोक तिघांच्या हातात.

"एक पाय शे, तोंड बी शे, दुसरा पायच सापडी नही राहिना," आप्पा म्हणाले.

त्यांच्या पुतण्याने ट्रॅक्टरचा विषय काढला. मळ्यातला ट्रॅक्टर खरोखरच गोठ्याच्या तोंडाशी आणून उभा केला होता. मी काही बोलले नाही, आधी कासरा सोडायला लावला. ट्रॅक्टरने ओढलेली वासरं मी पाहिली आहेत. नळीचं हाड मोडलेलं असतं, आणि गायीची निरणापासून गुदद्वारापर्यंत एकच फाट झालेली असते. ती शिवायला रात्र जाते आणि गाय नंतर उभी राहीलच याची खात्री नसते. राग येतो, पण त्या वेळी रागावण्यात अर्थ नसतो. लोक घाबरलेले असतात. सत्तर-ऐंशी हजारांचं जनावर डोळ्यांसमोर कण्हत असतं आणि हातात दोरी असते. दोरी हातात असली की माणूस ओढतोच.

गरम पाणी, साबण, दोन बादल्या, स्वच्छ पोती आणि शेपटी धरायला एक शांत माणूस. एवढं मागितलं. बाकीच्यांना बाजेवर बसवलं. बांगड्या, अंगठी, घड्याळ गाडीतच ठेवून येते, नखं कायम बारीक कापलेली असतात. खांद्यापर्यंतचे हातमोजे मी घालतेच. जुने डॉक्टर म्हणायचे, हातमोज्यातून नीट कळत नाही. थोडं खरं आहे ते. पण ब्रुसेलोसिस गायीच्या पाण्यातून आणि जारेतून (वारेतून) माणसाला होतो, तो झालेले आमच्या धंद्यातले लोक मी पाहिले आहेत, आणि महिनोन् महिने येणारा तो ताप मला नकोय. गायीचा मागचा भाग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुतला, शेपटीचे केस बांधून एका बाजूला घेतले.

मग मणक्यातलं इंजेक्शन. शेपटी पकडून वर-खाली हलवली की बुडाशी एक सांधा हलताना बोटाला कळतो, तिथे खळगा लागतो. त्या खळग्यात सुई. सुईच्या मागच्या तोंडाशी औषधाचा एक थेंब ठेवायचा. तो आपोआप आत ओढला गेला की जागा बरोबर. दोन टक्क्यांचं लिग्नोकेन, साधारण पाच मिली. थोड्या वेळात शेपटी लुळी पडते, गाय कुंथायची थांबते, पण पायांवर उभी राहते. हे उभं राहणं महत्त्वाचं. डोस जास्त झाला आणि गाय बसली तर वासरू सगळं वजन घेऊन हाडांच्या तोंडाशी येतं आणि जागाच उरत नाही. उभ्या गायीत ते पोटाकडे झुकतं. आणि हे इंजेक्शन न देता हात घातला, तर गाय प्रत्येक कळेला तुमचा हात हाडावर दाबून धरते. त्या दाबाने बोटं बधिर होतात ती तासभर उघडत नाहीत.

आप्पांना वाटत होतं मी कळा वाढवायचं इंजेक्शन देतेय. "द्या, द्या, जोर येऊ द्या तिला." त्यांना सांगितलं, हे उलटं आहे, जोर थांबवायचं. त्यांचा चेहरा पडला. पाय दुमडलेला असताना ऑक्सिटोसिन टोचणं हा मला दिसणारा सगळ्यात वाईट उपाय आहे. पिशवी वासराभोवती घट्ट आवळते, आत ढकलायला बोटभर जागा राहत नाही, आणि कधीकधी पिशवीच फाटते. सुदैवाने इथे कुणी ते दिलेलं नव्हतं.

हात आत. आधी डोक्याकडे. तोंडात बोट घातलं, जीभ एवढी सुजली होती की चोखेल अशी आशा नव्हती. पण बाहेरच्या पायाच्या खुरांच्या बेचक्यात चिमटा घेतला, तेव्हा पाय आखडला. अगदी थोडा, पण आखडला. "जित्तं शे," मी मोठ्याने म्हटलं, आणि बाजेवरची सगळी मंडळी उठून उभी राहिली.

पुढचं काम म्हणजे हा पाय याच डोक्याचा आहे ना, हे पाहणं. हसू येईल, पण जुळ्यांमध्ये एकाचं डोकं आणि दुसऱ्याचा पाय एकदम वाटेत येतात, आणि दोन्ही ओढले तर दोन्ही वासरं जातात. म्हणून पायावरून हात वर नेत खांद्यापर्यंत, खांद्यावरून छातीवर, छातीवरून मानेला. सलग लागलं. मग मानेच्या दुसऱ्या बाजूने खाली. वासरू माझ्याकडे तोंड करून असल्यामुळे त्याचा डावा पाय माझ्या उजव्या हाताकडे येतो. हे दर वेळी मनात एकदा म्हणून घ्यावं लागतं. डावा खांदा लागला, कोपर लागलं, पुढे हाड खाली उतरत गेलं आणि चौकटीच्या खालच्या काठावर गुडघा अडकलेला. टणक, गोल, काठावर घट्ट रुतून बसलेला. गुडघ्यापासून पुढचा भाग मागे दुमडून वासराच्या पोटाखाली गेलेला. तिघांनी ओढून ओढून तो गुडघा आणखीच पाचरीसारखा ठोकला होता.

इथे एकच काम असतं, ढकलणं. सगळं वासरू मागे, गायीच्या पोटात. बघणाऱ्याला हे पटत नाही. मोठ्या कष्टाने बाहेर आणलेलं आपण परत आत घालतोय असं वाटतं. आप्पांच्या घरच्या माय, ज्या आतापर्यंत दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्याच, "ओ बाई, आत काय घालता?" जागा पोटातच असते, पाय तिथेच फिरतो, चौकटीत फिरत नाही. हे समजावून सांगायला तेव्हा वेळ नव्हता, नंतर चहा घेताना सांगितलं.

ढकलण्याआधी बाहेरच्या पायाला आणि डोक्याला दोरी लावून ठेवली. पायाची दोरी खुराच्या वरच्या सांध्याच्या वर एक फास आणि सांध्याखाली अर्धी गाठ, म्हणजे ताण दोन जागी वाटला जातो आणि हाड मोडत नाही. डोक्याची दोरी कानांच्या मागून घेऊन तोंडातून. या दोऱ्या ओढायला नव्हेत. एकदा आत गेलेलं डोकं बाजूला वळलं तर ते शोधणं पायापेक्षा अवघड, म्हणून धरून ठेवायला. मग लिक्विड पॅराफिन, भरपूर. पाणमोट फुटून बराच वेळ झालेला असतो, आतलं सगळं कोरडं पडलेलं असतं. नळीने लिटरभर आत सोडलं, हाताने वासराच्या अंगाभोवती फिरवलं. कोरड्या पिशवीत घाई केली की पिशवी हाताबरोबर ओढली जाते.

डावा हात वासराच्या छातीवर, मान आणि खांदा यांच्या मधल्या जागी. कळ नसताना दाबायचं. इंजेक्शनने गायीचं कुंथणं थांबतं, पण पिशवीचं आवळणं चालूच राहतं, ते हाताला कळतं. आवळलं की थांबायचं, हात तिथेच ठेवायचा, जिंकलेली जागा सोडायची नाही. सैल झालं की पुन्हा. थोडं थोडं करत गुडघा काठावरून सुटला आणि आत घसरला. तो सुटल्याचं हाताला असं स्पष्ट कळतं की माझ्या तोंडून दर वेळी "हां" निघतं.

आता हात बदलला. उजवा हात नळीवरून खाली सरकवत खुरापर्यंत न्यायचा आणि खूर तळहातात पूर्ण झाकून घ्यायचा. हे चुकवायचं नाही. उघडं खूर पिशवीच्या अंगावरून फिरलं तर पिशवीला भोक पडतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. गाय दोन दिवसांनी पोटात पू होऊन जाते. खूर मुठीत असताना गुडघा वर आणि बाहेरच्या अंगाला सारायचा, खूर मात्र आतल्या बाजूने, मधल्या रेषेकडून, आपल्याकडे आणायचं. गुडघा बाहेर, खूर आत. दोन्ही एकाच वेळी, आणि जागा म्हणाल तर जेमतेम. माझा हात बारीक आहे, त्याचा इथे फायदा होतो. तो आखूडही आहे, त्याचा तोटा पुढे सांगते. एका हाताने दोन्ही होत नव्हतं, म्हणून पुतण्याला हात धुवायला लावले, डोक्याची दोरी सैल सोडून बाहेरून कपाळावर तळहात ठेवून दाबायला सांगितलं. तोच पुतण्या, ट्रॅक्टरवाला. त्याने एकदम छान काम केलं, मी थांब म्हटलं की थांबला, दाब म्हटलं की दाबलं. खूर कमानीतून फिरून वर आलं, चौकटीच्या काठावर चढलं आणि पाय सरळ झाला.

नंतरचं भराभर. दुसऱ्या पायाला दोरी, दोन माणसं, प्रत्येकाकडे एक पाय. दोन्ही पाय एकदम ओढले तर दोन्ही खांदे एकदम चौकटीत येतात, म्हणून आधी एक, मग दुसरा, आलटून पालटून. डोकं आणि छाती सुटेपर्यंत सरळ, त्यानंतर खाली, गायीच्या टाचांच्या दिशेने. कमरेशी जरा अडलं, तेव्हा वासरू थोडं पिळून आडवं केलं आणि ते पोत्यावर उतरलं. गोऱ्हा.

अंग ढिलं, श्वास नाही. नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाकात कडब्याची काडी घातली, पोत्याने जोरजोरात अंग चोळलं, कानात आणि डोक्यावर गार पाणी. उलटं टांगायची पद्धत आहे, लोक ती करतातच, पण त्यात जास्त वेळ घालवला तर पोटातल्या आतड्यांचं वजन छातीवर येतं आणि श्वास घेणं अवघड होतं. क्षणभर नाकातलं पाणी गळू द्यावं, मग छातीवर बसवावं, चारही पाय पोटाखाली. तसं बसवलं. शिंकला. मग दुसऱ्यांदा शिंकला. नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं.

गायीत पुन्हा हात घालून पाहिलं. दुसरं वासरू नाही ना, कुठे फाटलंय का, रक्त कुठून येतंय का. हे पाहिल्याशिवाय मी सामान आवरत नाही. सगळं ठीक होतं, तेव्हा कुठे ऑक्सिटोसिन दिलं, आता त्याचं काम होतं. कॅल्शियम शिरेतून, अगदी हळू, हृदयाचे ठोके ऐकत. दुखणं आणि सूज यासाठी मेलोक्सिकॅम. जुन्या सवयीने लोक डायक्लोफेनॅक मागतात. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, ते टोचलेलं जनावर मेल्यावर ते खाऊन गिधाडं मरायची म्हणून. सातपुड्यात गिधाडं पूर्वी किती होती हे आप्पांनी मला सांगितलं, मी ऐकत बसले, बाटली संपायची होतीच.

चिकाची गंमत झाली. गोऱ्ह्याची जीभ सुजलेली, त्याला सड धरता येईना. आणि खरवस करायचा म्हणून मायनी पहिला चीक पातेल्यात काढून आत नेला होता. तो परत आणवला. पहिल्या दोन तासांत जमेल तेवढा आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे. आजाराशी लढायची ताकद त्याला जन्मतः नसते, ती चिकातूनच मिळते, आणि जसजसे तास जातात तसतशी आतड्यांची ती शोषून घ्यायची क्षमता संपत जाते. बाटलीने, डोकं फार वर न करता, घोट घोट. तोंडात ओतला तर फुप्फुसात जातो. खरवस दुसऱ्या दिवशी झाला, माझ्यासाठी डबा आला.

रात्री-बेरात्री फोन येतात आणि मी पोहोचेपर्यंत तासभर जातो. तेवढ्या वेळात मालकाने निदान कुठला पाय आहे हे सांगितलं तर मला सामान त्या हिशेबाने काढता येतं. म्हणून मी लोकांना एक खूण शिकवते. खुराच्या वरचा पहिला सांधा आणि त्याच्या वरचा दुसरा सांधा, दोन्ही एकाच बाजूला वाकत असतील तर पुढचा पाय. दोन सांधे उलट-सुलट बाजूंना वाकत असतील आणि दुसऱ्याला मागे टोक लागत असेल तर मागचा. गोठ्यातल्या उभ्या वासरावर दोन मिनिटं हे करून पाहिलं की कायमचं लक्षात राहतं. खुराचे तळवे आभाळाकडे असले म्हणजे मागचे पाय, असंही सांगतात. ते बहुतेक वेळा खरं, पण वासरू उताणं असेल तर फसवतं. सांधे फसवत नाहीत.

सगळेच दुमडलेले पाय एवढा घाम काढत नाहीत. नाक आणि खुरं एकाच रेषेत दिसत असली, म्हणजे खुरं नाकाच्या पुढे आलेलीच नसली, तर कोपरात वाकलेले पाय असतात. थोडं मागे ढकलून एकेक पाय वर आणि पुढे ओढला की पाच मिनिटांत मोकळं. पाय डोक्याखाली असायच्या ऐवजी डोक्यावर चढले असतील तर मात्र लगेच मागे सारून बाजूने खाली उतरवावे लागतात, नाहीतर गायीने जोर केला की खुरं वरचा पडदा फाडून गुदद्वारात जातात. आणि पूर्ण पाय खांद्यापासूनच मागे गेला असेल, तर तो थेट सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही. आधी दंड पकडून गुडघा वर आणायचा, मग आप्पांच्या कालवडीसारखंच.

मागच्या पायांचं प्रकरण वेगळं. लासूरच्या वर, डोंगराला लागून एक पाडा आहे. पावसाळ्याची सुरुवात होती. तिथल्या गायीचा फोन आला तो असा: "गाय कालपासून बेचैन शे, पण येत काहीच नही." हे वाक्य ऐकलं की मला धाकधूक होते. वासरू मागच्या बाजूने येत असेल आणि दोन्ही मागचे पाय पोटाखाली पुढे गेलेले असतील, तर चौकटीत फक्त त्याचा पार्श्वभाग येऊन टेकतो. वाटेत काही शिरतच नाही, त्यामुळे गायीला जोरही धड येत नाही. पाय दिसत नाहीत, नाक दिसत नाही. मालकाला वाटतं, अजून वेळ आहे. दिवस असाच जातो.

तांबड्या अंगावर पांढरे ठिपके, निमाडी वळणाची लहानखुरी गाय, तिसरं-चौथं वेत असावं. हात घातल्याबरोबर शेपूट हातात आलं. शेपटाखाली बोट घातलं, गुदद्वार आवळलं जातं का पाहिलं. काही नाही. नाळेपर्यंत हात पोहोचवून ठोका शोधला, तोही नाही. केसांना धरून ओढलं तर केस हातात येत होते. वासरू गेलं होतं, बहुधा आदल्या रात्रीच. मालकाला तिथेच सांगितलं. तो मुकाट्याने मान हलवून गायीच्या तोंडाकडे गेला आणि तिची शिंगं धरून उभा राहिला.

मेलेलं वासरू असलं की तारेच्या करवतीने आतल्या आत कापून काढायचाही मार्ग असतो, आणि तो लाजण्यासारखा अजिबात नाही, गाय वाचते. पण त्यालाही पुरेसा वेळ आणि हात फिरवायला जागा लागते. वासरू लहान होतं, म्हणून मी आधी पाय काढून पाहायचं ठरवलं. इथे माझ्या आखूड हाताने दगा दिला. पाय पार खाली, पोटात खोल. मांडीवर हात जात होता, त्याच्या पुढे बोटं पोहोचत नव्हती. शेवटी गाय सोडली आणि अंगणाच्या उतारावर नेली, तोंड उताराकडे, मागचा भाग वर. पिशवी आणि वासरू दोन्ही पुढे घसरले. डोंगरातल्या घरांना सपाट अंगण नसतं, हे त्या दिवशी कामाला आलं.

तसंच ढकलणं, फक्त इथे हात वासराच्या शेपटाखाली. मागे नव्हे, पुढे आणि वर. मग पायाचं हाड धरून टोकाचा सांधा चौकटीपर्यंत ओढून आणायचा, म्हणजे पूर्ण दुमडलेला पाय अर्धा दुमडलेला होतो. तो सांधा वर आणि बाहेर, खूर तळहातात झाकून आतल्या बाजूने मागे. पुढच्या पायाचाच हिशेब, पण मागचा पाय लांब, त्यामुळे वळायला जागा जास्त लागते. खुराजवळ दोरीचा फास बसवून तिचं टोक दोन खुरांच्या बेचक्यातून घेतलं, म्हणजे मालकाचा मुलगा बाहेरून हळू ओढील तसं खूर आपोआप वळून येतं आणि माझा हात सांधा दाबायला मोकळा राहतो. एक पाय आला. दुसऱ्या पायाच्या वेळी माझ्या खांद्यात गोळे आले, हात काढून बादलीतल्या पाण्यात बुडवून बसावं लागलं. पाऊस सुरू झाला होता, कुणीतरी माझ्या पाठीवर घोंगडी धरली. मग दुसराही आला.

मागून येणारं जिवंत वासरू असलं, तर यानंतर मधे थांबायची सोय नसते. कमर चौकटीत आली की नाळ दाबली जाते, डोकं अजून आतच असतं, आणि वासरू आतल्या पाण्यात श्वास घेऊ पाहतं. एकदा ओढायला सुरुवात केली की धसमुसळेपणा न करता, पण सलग बाहेर काढायचं. इथे ती घाई नव्हती. भरपूर पॅराफिन घालून सावकाश काढलं. मालकाने ते पोत्यात गुंडाळलं. चुना टाकून खोल पुरायला सांगितलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

गाय बसली नाही, हे मला मोठं वाटलं. एवढ्या ताणानंतर आतल्या नसा दबून मागचे पाय फाकतात आणि जनावर उठत नाही, असं होतं. तिने थोड्या वेळाने गवताला तोंड लावलं. पिशवीत औषधाच्या गोळ्या ठेवल्या, प्रतिजैविक सुरू केलं. जार पडायला बारा तास वाट बघा, लोंबणाऱ्या जारेला दगड बांधू नका, ओढू नका, नाही पडली तर मला फोन करा, हे मालकाला दोनदा आणि त्याच्या बायकोला एकदा सांगितलं. पुन्हा गाभण राहील का, असं त्याने विचारलं. राहील, पण पहिला माज सोडून द्या, साधारण दोन महिने तरी. त्याआधी मी पिशवी तपासून देते.

त्याच्या बायकोचा प्रश्न वेगळा होता. वासराशिवाय ही गाय पान्हा सोडेल का? गावठी गायीच्या बाबतीत हा खरा प्रश्न आहे, संकरित गायीसारखी ती यंत्राला किंवा कुणाच्याही हाताला दूध देत नाही. बाजारात पान्ह्याचं म्हणून इंजेक्शन मिळतं, ते आणू नका म्हटलं. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, पुढ्यात आंबोण ठेवून, कोमट पाण्याने कास पुसून बसायचं. चार-आठ दिवस जातील.

पुढे बाजाराच्या दिवशी तो चोपड्यात भेटला. जार दुसऱ्या दिवशी सकाळी पडली होती. गाय दूध देते, पण फक्त त्याच्या सुनेला. सून माहेरी गेली की घरात काळा चहा.